जुलाबवाला बेडक्या

सांगा बरं, बेडक्या ज्या हापशावर लाल दिवा लावतो, त्या हापशाभोवती लगेच जुलाब सुरू होतात. दरवेळी. मग जुलाब कोण करतं?

"बेडक्या!" म्हणालात? झालं! तुम्ही पण काटेगावचेच निघालात.

बेडक्या म्हणजे यंत्रमानव. चार पाय, फुगीर पोट आणि हातभर जीभ. ती पाण्यात बुडवायची, पाण्यातले जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) तपासायचे, घातक निघाले तर लाल दिवा लावायचा, नाहीतर हिरवा. एवढंच त्याचं काम.

पण आज ग्रामसभेत त्याचा निकाल लागणार होता. नाना धुमाळ टेबलावर हात आपटत होते.

"भंगारात घाला! येतो आणि पाणी नासवून जातो!"

"घाला, घाला!" सगळी सभा ओरडली. बेडक्याची जीभ तर कुणीतरी आधीच उपटली होती.

दहा वर्षांच्या केतकीचे कान तापले. तिचा धाकटा भाऊ बबडू दवाखान्यात सलाईनवर होता. खालच्या आळीचं पाणी प्यायला होता. आणि ही माणसं नासलेलं पाणी सोडून बेडक्यावर उखडलेली! ती उठणार, तोच शकूआत्यानं फ्रॉक ओढला. ही पाण्याची शास्त्रज्ञ. बेडक्या तिनंच बनवलेला.

"नुसती ओरडू नकोस," आत्या डोळा मारून कुजबुजली. "त्यांचंच गणित त्यांना घाल."

केतकी बाकावर चढली. "नानांना अटक करा!"

सभा गार.

"गावात कुणी गेलं की तिरडी बांधायला नाना जातात. नाना बांबू घेऊन ज्या ज्या घरी गेले, तिथे तिथे मढं होतं. एक घर सुटलं नाही! म्हणजे नानाच माणसं मारतात!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. नाना लालबुंद.

"अगं ए भवाने! माणूस आधी मरतो, मी नंतर जातो!"

"मग पाणी पण आधीच नासतं, बेडक्या नंतर जातो! तो लाल दिवा लावतो, तुम्ही त्यावर फडकं टाकता आणि तेच पाणी ढोसता! वर त्याचीच जीभ उपटता! लाज नाही वाटत?"

आता आत्या उठली. "दोन गोष्टी जोडीनं दिसल्या, तर तो सहसंबंध (सोबत असणं). एकीमुळे दुसरी घडली, तर तो कार्यकारणसंबंध (एक कारण, दुसरा परिणाम). पहिला दिसला म्हणून दुसरा असेलच असं नाही. तपासावं लागतं."

"कसं तपासायचं?" नाना गुरगुरले.

"जोडी तोडून बघायची. शाळेच्या टाकीत बेडक्या रोज जीभ बुडवतो. हिरवा दिवा लागतो. ते पाणी पिऊन कुणी आजारी पडलं?"

"...नाही."

"आणि जिथे तो कधीच गेला नाही, तिथे?"

"खालची आळी!" केतकी किंचाळली. "नाना, तुम्हीच काठी घेऊन आडवे उभे राहिलात! बेडक्याला येऊच दिलं नाही! बबडू तिथलंच पाणी प्यायला!"

कुणी हसलं नाही. नाना खाली बसले. मग उठले, कोपऱ्यातून बेडक्याला उचललं आणि आत्यासमोर ठेवलं.

"शकू, याची जीभ बसव. आजच खालच्या आळीत नेतो."

"तुम्ही नेणार?" केतकीचा राग अजून गेला नव्हता.

"मीच," नाना म्हणाले. "हा आधी पोचू दे, पोरी. म्हणजे मला बांबू घेऊन जायला नको."