न पोचलेली हाक

इंजिनिअरांनी लिहिलेला कोड माणसांना समजेल अशा भाषेत मांडायचा, हे धाकटीचं कंपनीतलं काम. सध्या तिच्याकडे व्हर्च्युअल मशीन होतं. म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, खोटा संगणक. तो गोठवून ठेवताना त्याचा इंटरप्ट कंट्रोलर कसा जतन होतो आणि नंतर कसा पूर्ववत होतो, ते तिला लिहायचं होतं. कीबोर्ड असो की डिस्क, प्रोसेसरला हाक मारायची तर ती या कंट्रोलरमधूनच जाते. नको असलेली हाक तो दाबून ठेवतो. पुसत मात्र नाही.

मूळ कोड तिच्या दादाचा. मशीनरूममध्ये छातीत कळ आली तेव्हा त्याने इथल्या आपल्या साहेबांना फोनवर फोन केले होते. न उचललेले ते सगळे कॉल तिने नंतर त्याच्या मोबाइलवर पाहिले. दादा गेला आणि कोडवर साहेबांचं नाव लागलं. धाकटी सासरच्या आडनावाने इथे नोकरीला लागली, ती मनात डूख धरूनच.

उदाहरणासाठी तिने दादाने शेवटच्या दिवशी गोठवलेलं मशीन पुन्हा सुरू केलं. कंट्रोलरमध्ये एक हाक ताटकळत होती. ती ज्या लाइनवरून आली होती, तिला काहीच जोडलेलं नव्हतं. तिने ती पुसली, मशीन नव्याने गोठवलं आणि परत सुरू केलं. हाक हजर.

तिने साहेबांना बोलावून दाखवलं.

"मास्क कर. दाबून टाक."

"कुणाची आहे ते बघायला नको, साहेब?"

"कशाला डोक्याला ताप? डेमो तोंडावर आलाय."

"मग तुम्हीच करा. कोड तुमचा आहे ना?"

साहेबांनी वाकून स्वतः बटण दाबलं.

दुपारी त्यांनी शिपायाला हाक मारली. तो शेजारून निघून गेला. मीटिंगमध्ये त्यांचं वाक्य चालू असतानाच लोक आपापसात बोलत राहिले. फोन लावावा, तर समोरचा नुसतं "हॅलो, हॅलो" करून ठेवून देई.

साहेब धाकटीच्या टेबलापाशी आले. कपाळावर घाम होता.

"तुला तरी ऐकू येतंय ना गं?"

येत होतं. स्वच्छ. तिने मान वर केली नाही.

ते तरातरा मशीनरूममध्ये गेले. काचेचं दार मागे लागलं.

आत त्यांनी छाती धरली.

मग काचेवर मुठी आपटू लागले. अलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी विनोद रंगला होता.

मास्क काढायला तिला एक बटण पुरलं असतं.

तिने हाती घेतलेला परिच्छेद पुरा केला.

ठोके थांबले, तेव्हा कुठे कुणाचं तरी तिकडे लक्ष गेलं.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. दाराला कुलूप नव्हतंच. आतून नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं.

संध्याकाळी सफाईच्या मावशी काच पुसायला आल्या आणि फडकं हातात धरून तशाच थांबल्या.

"आतले ठसे साहेबांचे, ते कळलं," त्या म्हणाल्या. "पण बाहेरून दार रेटून धरलेले हे पंजे कुणाचे गं, बाई? एक मोठा, एक लहान."

धाकटीने हात टेबलाखाली घेतले. तळवे काचेसारखे गार होते.