विसावा नंबर

शाळेला शंभर वर्षं होणार, म्हणून तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला नाही म्हणता येत नाही, हा जुना रोग. सिस्टरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, जुन्या रजिस्टरांचा ढीग टेबलावर आणून टाकला. पूर्वी भिंतीच्या अलीकडे नन्सची मुलींची शाळा होती, पलीकडे फादरांची मुलांची. मग भिंत पाडली आणि शाळा एक झाली. तरी आजही मुली खिडकीच्या बाजूला बसतात, मुलगे दाराच्या.

त्याच वर्षी माझ्या वर्गाचा पट एकोणीसवर आला. वीसच्या खाली गेला की वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे मी घरी. पेन्शनला दोन वर्षं बाकी. नवरा अंथरुणाला खिळलेला.

मग मी गाढवपणा केला. पन्नास वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात एक मुलगी सापडली. दाखला नेलेला नाही, नाव कमी केल्याची नोंद नाही. म्हणजे नियमाने अजून आमचीच, अशी मनाची समजूत घातली आणि तिचं नाव पत्त्यासकट विसाव्या नंबरावर उतरवलं.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सवयीने वीसपर्यंत गेले.

"हजर, टीचर."

आवाज खिडकीकडून आला. मान वर केली. मुली आठच होत्या, नेहमीच्या.

"कोण गं चावटपणा करतंय?"

कोणी हसलं नाही. तेच मला खटकलं. एरवी ही पोरं कोणी शिंकलं तरी फिदीफिदी हसतात.

मग रोज तेच. मुली खिडकीजवळच्या बाकावर बसेनाशा झाल्या. एकीला विचारलं, तर म्हणाली, "तिथे जागा नसते, टीचर." बाक तर रिकामा होता. मला भीती वाटत होती, पण खरं सांगते, भीतीपेक्षा थकवा जास्त होता.

तपासनीस आले. पेन्सिलीने डोकी मोजली. "वीस. ठीक आहे," म्हणून सही ठोकून गेले. मी पुन्हा मोजली. एकोणीस.

महिनाअखेरीला क्लार्कने रिवाजाप्रमाणे प्रत्येक मुलाच्या घरी हजेरीचं कार्ड पोस्टाने पाठवलं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चार दिवसांनी एक म्हातारी वर्गाच्या दारात उभी राहिली. हातात विसाव्या नंबराचं कार्ड.

"बाई, मी तिची आई."

तिने कार्ड माझ्यापुढे धरलं.

"बावीस दिवस हजर लिहिलंय. मग ती घरी का येत नाही हो? पन्नास वर्षांपूर्वी शाळेत म्हणून गेली ती परतलीच नाही, त्या दिवसापासून मी दाराला कडी लावलेली नाही."

खरं सांगितलं तर नोकरी जाणार. आणि खरं म्हणजे तरी नेमकं काय सांगणार होते?

"एकदा हजेरी घ्या ना. मी इथेच उभी राहते."

मी रजिस्टर उघडलं. एक. दोन. माझाच आवाज मला परका वाटत होता.

"वीस."

"हजर, टीचर."

म्हातारी कान देऊन ऐकत होती. मग तिने कार्ड हळूच माझ्या टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"बाई," ती म्हणाली, "हा माझ्या मुलीचा आवाज नाही."