तारेनं लावलेलं बटण

पेटीचं हँडल तुटलं ते नेमकं उतारावर.

मी ओरडायच्या आत ती माझ्या हातून सुटली, सरसर घसरत खाली गेली आणि एका अनोळखी माणसाच्या नडगीवर आदळून थांबली. तो एका पायावर उभा राहून कळवळला. मी धापा टाकत पोचले.

"फार लागलं का हो?"

"नाही... थोडंसंच," तो ओठ आवळून म्हणाला.

"तुम्हाला नाही, पेटीला विचारतेय."

त्यावर तो हसला. मान जरा मागे टाकून, डोळे बारीक करून, मनापासून. सप्टेंबरचं ऊन, कपाळाला चिकटलेले केस, आणि एवढ्या उकाड्यात हातावर डेनिमचं जाकीट! माझ्या पोटात कुणीतरी एक तार हळूच अर्धा स्वर वर ओढली... काय झालं ते तेव्हा कळलं नाही, पण झालं खरं.

"आहे काय हिच्यात? दगड?"

मी खरं सांगणारच होते. तेवढ्यात त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. शिकागोचं मासिक. तोच तो माणूस! मी जीभ चावली.

"शिलाई मशीन," मी म्हणाले.

आता ही थाप का मारावी लागली, ते सांगते. सत्त्याण्णव साली आमच्या रॅले शहराचं भलतंच नाव झालं होतं. ऑल्ट-कंट्री ऐकावं तर रॅलेत, असं दूरदूरचे लोक म्हणायला लागले होते. ऑल्ट-कंट्री म्हणजे आजोबांची गाणी, नातवांनी दाढ्या वाढवून आणि स्पीकर फुटेस्तोवर आवाज चढवून म्हटलेली. शहरातले चार बँड नावाजलेले. रेकॉर्ड कंपन्यांची माणसं भारीतले बूट घालून आमच्या गळक्या गुत्त्यांमध्ये येऊन बसत. आणि आता शिकागोहून हा माणूस येत होता, एकच प्रश्न घेऊन: या शहराचं एवढं नाव झालंय ते खरं, की नुसताच बोभाटा?

गोम अशी होती की चारही बँडमध्ये स्टील गिटार वाजवणारी मी एकटीच होते. मांडीसमोर आडवं ठेवायचं, चार पायांवर उभं राहणारं ते वाद्य. डाव्या हातात लोखंडी दांडी, उजव्या बोटांत नख्या, खाली पेडलं. कंट्रीच्या गाण्यात जे रडतं ना, ते हेच. गावात ते धड वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून जो बोलावेल त्याच्याकडे मी जायची. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. पण त्या शनिवारी चारही बँड एकाच दुपारी, एकाच स्टेजवर होते, आणि डेलमरची झोप उडाली होती.

डेलमर हॉग म्हणजे 'गंजकं फाटक' या बँडचा गायक आणि त्या दिवसाचा सगळा कारभारी. माझा शाळेपासूनचा मित्र.

"कोराबेथ, त्याला कळलं ना, तर तो लिहील, चार बँड कसले, एकाच मंडळीनं चार पाट्या लावल्यात! आपलं नाव मातीत जाईल गं. कंपनीवाले परत फिरकायचे नाहीत." असं म्हणून त्यानं एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. त्यात त्याच्या मावशीची भलीमोठी हॅट, काळा चष्मा, सोनेरी वेण्यांचा टोप आणि एक पावसाळी टोपी होती.

मी हो म्हणाले. या पोरांनी वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये घाम गाळला होता. आणि तसंही, मागे बसून वाजवणारीकडे बघतं कोण? स्टेजवरून माझं नाव कधी कुणी घेतलेलं मला आठवत नव्हतं. राग नव्हता त्याचा. थोडासा होता.

"शिलाई मशीन?" त्या माणसाचा चेहरा उजळला. "म्हणजे कलाकारांचे कपडे तुम्ही शिवता?"

"हो ना. भरतकाम पण." एकदा सुटलेली जीभ थांबते का!

"मग माझी एक अडचण..." त्यानं जाकीट पुढे केलं. वरचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. "दोन महिने असंच लोंबतंय. जमेल?"

मी आयुष्यात सुई धरली ती एकदाच, शाळेत. तेव्हा ॲप्रन स्वतःच्याच स्कर्टला शिवून बसले होते.

"हे तर हातचं काम," मी म्हणाले आणि जाकीट घेतलं.

त्यानं पेटीचं एक टोक उचललं, मी दुसरं. चढ चढताना दोनदा आमची नजर भिडली आणि दोन्ही वेळा पेटी वाकडी झाली. त्याचं नाव थॅड कोवाल्स्की. लंगडत होता, पण पेटी सोडली नाही त्यानं.

स्टेजमागे जाकीट मांडीवर घेऊन मी बसले. सुई नाही, दोरा नाही. होती ती पेटीतली तुटलेली तार, सगळ्यात बारीक. बटणाच्या भोकांतून ती ओवली, मागे पकडीनं पीळ दिला, टोक दाबून टाकलं. दिसायला बरं दिसत होतं. आणि पक्कं तर इतकं की जाकीट फाटेल, पण बटण जन्मात निघणार नाही. जाकिटाला साबणाचा आणि पेन्सिलीचा वास होता... ते मी उगाचच जरा जास्त वेळ मांडीवर ठेवलं.

पहिला बँड डेलमरचाच. मावशीची हॅट चढवली, काळा चष्मा लावला. स्टेज म्हणजे एका लांब ट्रकचा हौदा, त्यामुळे पुढे उभ्या माणसाच्या नाकासमोर आमचे पाय यायचे. थॅड अगदी पुढे, अगदी माझ्या समोर. मी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

वाजवून झाल्यावर हॅट फेकली, शर्ट बदलला आणि शेंगांच्या गाड्यापाशी आले तर हा तिथे हजर. हातात कागदाची ओली पिशवी.

"अहो शिंपीणबाई, या शेंगा भिजल्यात!"

"उकडल्यात. तुमच्या शिकागोत काय भाजून कोरड्याच खातात?"

"आमच्याकडे शेंगा आणि माणसं, दोन्ही कोरडी." त्यानं पिशवी माझ्यापुढे धरली. "एक विचारू? तुम्ही इथल्या. या शहराचं नाव झालंय ते खरं वाटतं तुम्हाला?"

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"गाणारा ठीक. जरा जास्तच दुःखी आहे, त्याच्याकडे गाडी आहे आणि दातही सगळे आहेत, मग दुःख कसलं? पण ती स्टीलवाली..." तो थांबला. शेंग हातातच राहिली. "तिसऱ्या गाण्यात तिनं एक जागा घेतली. कुणीतरी दारापर्यंत येतं, काहीतरी सांगणार असतं... आणि न सांगताच परत जातं. तसं काहीतरी. मला बाकीचं गाणं ऐकूच आलं नाही."

सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या वाजवण्याबद्दल कुणी असं एक वाक्य बोललं नव्हतं. आणि बोलला तो कुणाबद्दल, तर मावशीच्या हॅटबद्दल! मला माझाच हेवा वाटला, आणि रागही आला.

"बरी वाजवते," मी म्हणाले. "नाक जरा वर असतं तिचं."

"ओळखता?"

"तोंडओळख."

दुसऱ्या बँडला सोनेरी वेण्या. टोप घामानं भिजला आणि डोकं नुसतं खाजत होतं. तिसऱ्याला पावसाळी टोपी. थॅड दर वेळी तिथेच, पुढे. एकदा तर तो खाली बघून हसला. कशाला हसला, कळलं नाही. प्रत्येक गाण्यानंतर मला वाटायचं, टोपी काढावी आणि म्हणावं, अहो, मीच ती! दारापर्यंत येऊन परत जाणारी! मग डेलमरचा चेहरा दिसायचा, नख कुरतडत उभा असलेला. मी मान पुन्हा खाली घालायची.

तिसरा बँड संपता संपता आभाळ फाटलं. सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. मी टोपी पेटीत कोंबून, त्याचं जाकीट बगलेत मारून शेंगांच्या गाड्याच्या ताडपत्रीखाली शिरले, आणि कुणीतरी माझा दंड धरून मला आणखी आत ओढलं.

"भिजताय," थॅड म्हणाला. हात त्यानं काढला नाही. मीही काढ म्हटलं नाही.

ताडपत्रीवर पाऊस बडबडत होता. ओल्या मातीचा, पलीकडच्या भट्टीवरल्या मांसातल्या व्हिनेगरचा, धुराचा वास. मी त्याचं जाकीट त्याला दिलं. त्यानं घातलं आणि बटणावरून अंगठा फिरवला. मग बटणाच्या मागून. अंगठा तिथे जरा थांबला.

"छान लावलंय. पक्कं."

"घराण्याचीच कला आहे."

"हं." ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी लपवत तो पावसाकडे बघत राहिला. "आज संध्याकाळच्या विमानानं जायचंय. खरं सांगू? तुमच्याशी बोलताना विसरायला होतं की मी इथे निकाल द्यायला आलोय."

"काय देणार निकाल?"

"अजून एक बँड ऐकायचाय. आज इथे मला कुणीतरी एक गोष्ट खरी सांगेल, अशी वाट बघतोय."

तो हे सहज म्हणाला, पण मला ते लागलं. हा माणूस दोन तासांत निघून जाणार होता, आणि जाताना त्याच्याजवळ माझं म्हणून काय असणार होतं? एक थाप आणि एक बटण. मी खरं सांगितलं तर डेलमरचं, सगळ्यांचंच नुकसान. नाही सांगितलं तर माझं. पाऊस थांबला तशी मी स्टेजकडे निघाले.

चौथ्या बँडसाठी पुन्हा हॅट होती. त्या बँडचा गायक आजारी, म्हणून गाणार होता डेलमरच. तोही उसना! मी बसले, पेडलवर पाय ठेवला, समोर पाहिलं. थॅड तिथेच होता, केसांतून पाणी गळत. पहिल्या गाण्याचा पहिला ठोका पडायच्या आत मी हॅट काढली, चष्मा काढला, दोन्ही खाली ठेवले, आणि सरळ त्याच्याकडे बघत वाजवायला लागले.

भीती वाटत होती. डेलमरचा आवाज पहिल्याच ओळीत चिरकला. पण हात ऐकत नव्हते. ती तिसऱ्या गाण्यातली जागा मी इथे पुन्हा घेतली, आणि या वेळी दारातून परत नाही गेले. आत आले. जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं.

गाणं संपलं. डेलमर माझ्याकडे बघत उभा. मग त्यानं माइक ओढला.

"बरं, आता लपवून काय उपयोग," तो म्हणाला. "स्टीलवर... कोराबेथ स्टॅलिंग्ज. दुपारपासून चारही वेळा हीच होती हो!"

आणि सगळा जमाव हसत सुटला. "आम्हाला काय माहीत नाही होय!" मागून शेंगावाल्या मिसेस पर्डी ओरडल्या. "त्या वेण्या बघून माझं हसू आवरेना! पाहुण्याला कळू नये म्हणून गप्प बसलो आम्ही!" मग टाळ्या सुरू झाल्या, आणि थांबेचनात. डेलमर कपाळाला हात लावून हसत होता. हुश्श! सकाळपासून छातीवर बसलेला दगड कुठल्या कुठे गेला. मी रडले थोडी. ऊन डोळ्यांत गेलं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं.

मी पेटी भरत असताना थॅड आला.

"कधी कळलं?" मी मान वर न करता विचारलं.

"दुसऱ्या बँडला. टोपी बदलली, केस बदलले, शर्ट बदलला. मोजा कुठे बदलला?"

मी पायाकडे पाहिलं. पेडल नीट कळावं म्हणून मी बूट काढून वाजवते. डाव्या पायात पिवळा मोजा, अंगठ्याला भोक. सबंध दुपार त्याच्या नाकासमोर नाचत होता तो!

"आणि ती बाई म्हणजे मीच, हे?"

"पावसात." त्यानं जाकीट उलटून दाखवलं. बटणामागे तारेचा पीळ, आणि तारेच्या टोकाचं इवलंसं पितळी कडं. "कुठली शिंपीण गिटारच्या तारेनं बटण लावते?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो." तो जरा घुटमळला. "सांगितलं नसतं, तरी लिहिलं नसतं मी. पण... सांगितलंत. बरं वाटलं. फार बरं वाटलं."

"आता निकाल सांगा. नाव झालंय ते खरं की नाही?"

"खरं सांगू? चारातले दोन बँड सुमार आहेत."

"एक!" मी उसळले. मग म्हणाले, "...बरं, दोन."

"पण आमच्याकडे चार बँडांचे चार स्टीलवाले आहेत आणि एकमेकांना तार उसनी देत नाहीत. इथे एक बाई चौघांना पुरते, गायक आजारी पडला तर दुसरा जाऊन गातो, आणि मित्रांची अब्रू जाऊ नये म्हणून अख्खं गाव दुपारभर हसू दाबून उभं राहतं. हे असं दुसरीकडे नाही. नाव झालंय ते रास्तच आहे. तसंच लिहिणार. चार जणांचं वाजवणं एकटीचं आहे, हेही लिहिणार, नावासकट."

मला खूप काही म्हणायचं होतं. म्हणाले एवढंच, "विमान चुकेल तुमचं."

"हो... तीच एक अडचण." त्यानं मूठ उघडली. तळहातावर जाकिटाचं दुसरं बटण होतं, आणि त्याला लोंबणारे धागे चांगले हिसका देऊन तोडलेले. "हे आत्ताच तुटलं बघ. आपोआप. असा उघडा-वाघडा कसा जाऊ मी?"

त्यानं मला 'तू' म्हटलं, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. त्याचे कान लाल झाले.

"तार संपली," मी म्हणाले. "उद्या रविवार. दुकान सोमवारी उघडेल, तेव्हा आणून लावून देईन तुला."

हे म्हणताना पेटी उघडीच होती, आणि तिच्या कप्प्यात कोऱ्या तारांची अख्खी जुडी पडलेली होती. त्यानं ती पाहिली. त्यानं पाहिली हे मी पाहिलं.

"सोमवारीच मग," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, आणि वाकून पेटीचं झाकण लावलं. "चल, तुझं मशीन उचलू. या खेपेला उताराच्या बाजूला तू उभी राहा."