सात कोंबड्यांचे चौदा पाय

"उद्या दहाला येतो कुऱ्हाड घेऊन," प्रेबेन कुंपणापलीकडून म्हणाले. "सातही एकदम संपवू. म्हाताऱ्या झाल्यात, लंगडतात. उगाच कशाला हाल?"

आक्सेलनी नुसती मान हलवली. एके काळी ते मोठमोठ्या जहाजांना बंदराची वाट दाखवत. आता ऐंशीव्या वर्षी समोरचं माणूस त्यांना आवाजावरूनच ओळखू येई. कोंबड्या त्यांच्या बायकोच्या, कर्स्टनच्या. ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

पायरीवर बसलेल्या ग्रीनं हे सगळं ऐकलं. ती बारा वर्षांची. डेन्मार्कच्या त्या छोट्या बेटावर तिच्या वयाचं दुसरं कुणीच नव्हतं. शाळा पलीकडच्या किनाऱ्यावर, आई कामासाठी दूरच्या शहरात, आणि बाबा दिवसभर फेरीबोटीवर. म्हणून शाळेतून आली की ती इथे येई. आक्सेल फारसं बोलत नसत, तीही बोलत नसे. बोलायच्या त्या कोंबड्या.

सध्या बटाट्याची सुट्टी होती. पूर्वी या दिवसांत मुलं शेतात बटाटे काढायला जात. आता बटाटे यंत्र काढतं, सुट्टी तेवढी उरली आहे. त्या सुट्टीपुरती शहरातून आस्टा आणि तिचा धाकटा भाऊ विलाड्स शेजारच्या घरात राहायला आली होती.

"सातही जणी एकाच महिन्यात म्हाताऱ्या झाल्या?" गेल्या महिन्याभरात सातही लंगडू लागल्याचं ग्रीनं सांगितलं तेव्हा विलाड्सनं विचारलं. "आमच्या वर्गात एकाच दिवशी दहा जणांचं पोट दुखतं. पण त्या दिवशी गणिताचा पेपर असतो."

"म्हणजे काहीतरी कारण असणार," आस्टा म्हणाली. "चल, बघू तरी."

ग्रीनं ट्रिनेला, म्हणजे सगळ्यात गरीब तांबड्या कोंबडीला, अलगद उचलून काखेत धरलं आणि तिचा पाय उजेडात नेला. एरवी कोंबडीच्या पायावरचे खवले एकमेकांना चिकटून सपाट बसलेले असतात. हे मात्र वाऱ्यानं उचकटलेल्या कौलांसारखे वर आले होते. मधे राखाडी-पांढऱ्या खपल्या. पाय दुप्पट जाड झाला होता.

"रोज येते मी इथे," ग्री हळूच म्हणाली. "दाणे टाकते, अंडी गोळा करते. पाय कधी पाहिलेच नाहीत."

आस्टानं फोटो काढून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.

"ही पायाची खरूज आहे," डॉक्टर बोडिल म्हणाल्या. "डोळ्यांना न दिसणारी कीड खवल्यांखाली शिरते आणि तिथेच घर करते. रात्री दांडीवर चिकटून बसतात ना, तेव्हा एकीची दुसरीला लागते. वयाचा काही संबंध नाही."

"बरी होते?"

"होते, पण धीर हवा. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा. मऊ जुन्या ब्रशानं हळू घासा. खपल्या उपटायच्या नाहीत, रक्त येतं. मग पाय कोरडे करून व्हॅसलीन जाड थापा, म्हणजे कीड गुदमरते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. असं निदान तीन आठवडे. बसायच्या दांड्याही घासून काढा. आठवड्यात सुधारल्या नाहीत तर मला बोलवा, औषध देईन."

"तीन आठवडे," फोन ठेवून विलाड्स म्हणाला. "आपण तर शनिवारी जाणार."



"पण यांना लागली कुठून?" आस्टानं विचारलं. "या तर कुंपणाबाहेर जात नाहीत."

ग्री आठवू लागली. ऑगस्टमध्ये प्रेबेनचा झुपकेदार शेपटीचा कोंबडा दोन आठवडे इथे राहिला होता. आणखी कुठल्या कोंबड्या लंगडतात ते बघायला तिघांनी सायकली काढल्या आणि अंधार पडायच्या आत प्रेबेनचं सोडून बेटावरची सगळी खुराडी पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला प्रेबेन आले. हातात कुऱ्हाड.

"तुमच्या कोंबड्याला बक्षीस मिळालं म्हणे," विलाड्स अगदी गोड आवाजात म्हणाला.

प्रेबेन खुलले. "मिळणारच. सगळं बेट मागतं त्याला. जुलैत बेकरीच्या मागे होता, ऑगस्टमध्ये इथे, सप्टेंबरात चर्चशेजारी."

आस्टा कागदावर टिपत होती. "आणि दीपगृहावर?"

"त्यांना नको होता. शिष्ट माणसं."

"बेकरीमागच्या लंगडतात," ग्री म्हणाली. "चर्चजवळच्या पण. दीपगृहावरच्या तेवढ्या धड आहेत. काल आम्ही सगळ्यांचे पाय पाहिले. तुमच्या कोंबड्याचे पाहू या?"

प्रेबेननी हसण्यावारी न्यायला पाहिलं, पण आक्सेल उठले आणि काठी टेकत प्रेबेनच्या अंगणाकडे निघाले. मग सगळ्यांनाच जावं लागलं. ग्रीनं कोंबड्याच्या पायावरची पिसं बाजूला सारली. खाली त्याच पांढऱ्या खपल्या होत्या.

प्रेबेन एका खोक्यावर बसले. "बाजारात घेताना पाय बघितलेच नाहीत," ते म्हणाले. "शेपटीच बघत बसलो."

कुऱ्हाड खोपटात गेली. दुपारी प्रेबेन बाह्या सारून आक्सेलच्या खुराड्यातल्या दांड्या घासत होते. संध्याकाळी ते पाय भिजवायचा टब उचलून बेकरीमागच्या अंगणात, मग चर्चशेजारी गेले आणि आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगून आले. मुलांनी एकामागून एक चौदा पाय भिजवले, घासले, माखले. विलाड्सच्या चष्म्यावरसुद्धा व्हॅसलीन आलं.

शनिवारी दोघं भावंडं गेली. बोट लहान होत होत दिसेनाशी झाली, तरी ग्री धक्क्यावर उभी होती. मग ती आक्सेलकडे आली. पाणी कोमट केलं. आता पाय धरायला कुणी नव्हतं. एका हातानं कोंबडी सांभाळत दुसऱ्या हातानं ब्रश चालवायचा. सात जणींना दीड तास लागला. मंगळवारी पुन्हा. शुक्रवारी पुन्हा. पाऊस लागला, दिवस आखडले. डॉक्टरांना बोलवावं लागलं नाही.

चौथ्या आठवड्यात आक्सेल खुराड्यात आले. "दे इकडे एक," ते म्हणाले.

ग्रीनं ट्रिनेला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी बोटं पायावरून सावकाश फिरवली. खवले अजून थोडे खडबडीत होते, पण सूज गेली होती, खपल्या गळल्या होत्या.

"ही माझ्या दाराशी चालायची," ते म्हणाले, "आणि दुखतंय हे मला कळलं नाही. कर्स्टनला कळलं असतं. तुला कळलं."

"मलाही उशिराच कळलं."

"कळलं ना? मोठं काम केलंस, ग्री."

ट्रिने उतरली आणि चालत दाण्यांकडे गेली. ग्री ब्रश धुऊ लागली. आता उद्यापासून इथे इतका वेळ थांबायला काही कारण नाही, हे तिच्या मनात आलं, आणि ती उगीचच तोच ब्रश पुन्हा धुऊ लागली.

"उद्या किती वाजता येतेस?" आक्सेलनी विचारलं.

"उद्या? पायांचं काम तर संपलं."

"ते संपलं," आक्सेल म्हणाले. "म्हणूनच विचारतोय."