सहनाची जागा

नागरत्नाबाई चामुंडीदेवीला नवस बोलल्या होत्या, अगदी साधा. "तायी, आई गं, एक जागा रिकामी कर. माझ्या पवित्राला जाऊ दे. सुखरूप परतली की तिच्या मैत्रिणींना पानावर जेवू घालीन."

कॉलेजातल्या ऑनर्सच्या हुशार मुलींचा अभ्यासदौरा होता. हंपी-बदामीची देवळं हिंडत शिकायचं नि त्याचेच मार्क मिळवायचे. बस लहान, आणि वेटिंगवर पवित्राचं नाव पहिलं. आठवड्यातच जागा झाली. यादीतली, पवित्राच्याच वर्गातली सहना नावाची हसरी पोर तापाने गेली. बातमी आली तेव्हा नागरत्नाबाईंचा हात आधी माळ्यावरच्या बॅगेकडे गेला. डोळ्यांत पाणी आलं ते नंतर. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दौरा संपल्यावर शुक्रवारी, भर दुपारी, म्हैसूरला विजयनगर भागातल्या घरी मुली जेवायला आल्या. केळीची पानं मांडली होती, पाणी शिंपडलं होतं.

"आंटी, तुमची मुलगी टूरभर इंजिनाच्या बॉनेटवर बसून आली," अनुषा खिदळली. "ड्रायव्हरची असिस्टंट!"

"का गं? सीट होती ना तुला?"

पवित्रा पाण्याचे पेले मांडत राहिली. मुली बसू लागल्या. अनुषाने शेजारचं एक पान सोडलं. मागून आलेलीही ते सोडून पलीकडे बसली, अगदी सहज, तिथे कुणी बसलेलं असावं तसं. पवित्रा तेवढी उभी राहिली.

"बस की. ते रिकामं आहे."

"बेडा अम्मा... तिथे नको." पवित्रा एक पाऊल मागे सरली. "ती बसमधली सीट गरम असायची... तापातलं माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी. आता वर्गातला बाकही तसाच... मला कुठेच बसता येत नाही गं."

नागरत्नाबाईंनी पानाला हात लावला. अजून काहीच वाढलं नव्हतं, तरी पान वाफाळून मऊ पडलं होतं. औषधाचा, घामाचा वास येत होता. त्या तिथेच खाली टेकल्या.

"मागणं माझं होतं, सहना... हिचं नव्हे. जेव बाळा. आणि हिला बसू दे..."

आधी त्या पानावर वाढलं. मग शेजारी नवं पान मांडलं. पवित्रा भीत भीत बसली. बसली! नागरत्नाबाईंना रडूच फुटलं.

जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडायचं, ही इथली शुभ रीत. पलीकडे दुमडतात ते सुतकाच्या घरी. विडे घेऊन त्या बाहेर आल्या, तर सहनाचं पान नीट अलीकडे दुमडलेलं. त्यांनी हात जोडले. मग लेकीच्या पानाकडे लक्ष गेलं. ते पलीकडे दुमडलेलं होतं, आणि पवित्राचा उष्टा हात तसाच हवेत.

"मी नाही दुमडलं, अम्मा... मी भात कालवत होते..."

तेव्हापासून नागरत्नाबाई दर शुक्रवारी एक पान जास्तीचं वाढतात. देवीकडे मागतात ते एवढंच, की सहना तृप्त होऊ दे. पवित्रा बरी आहे हो. जेवते, हसते. फक्त अंग जरा कोमट लागतं. देवी ऐकेल, ऐकल्याशिवाय राहायची नाही. तुमच्याही घरी शुक्रवारी पान मांडाल ना, तेव्हा सहनाचं नाव घेऊन एक घास बाजूला ठेवा. तेवढं कराच.