बिनकिल्लीची शेवरलेट

"गाडी उघडायची आहे," सिग्ने हाउगेन म्हणाली, "आणि ती कुणी उघडू नये असं माझ्या भावाचं म्हणणं आहे. का, ते मला शनिवारच्या आत कळलं पाहिजे."

लायल फेरियरच्या गॅरेजात बसायला धड खुर्ची नव्हती. साठीची ती बाई उभीच राहिली आणि कोटाची बटणं लावत नि काढत बोलत राहिली. नेटी बॉयचुक उपड्या बादलीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. वीस वर्षं तिने एका विमा कंपनीसाठी लोकांच्या थापा पकडल्या होत्या; आता गॅरेजच्या मागच्या खोलीत पाटी लावून तेच काम ती स्वतःच्या नावाने करायची. लायल तिला गाडीतून फिरवायचा, जड वस्तू उचलायचा आणि चुकीचे तर्क करायचा. तिन्ही कामं फुकट.

सिग्नेने सांगितलं ते असं. अडतीस वर्षांपूर्वी, पासष्टच्या फेब्रुवारीत, बर्फाचं वादळ सुरू होता होता त्यांच्या शेताजवळच्या कच्च्या रस्त्यावर पीटर फ्रीसेन नावाच्या शाळामास्तरांना कुठल्याशा गाडीने उडवलं. मास्तरांचा फक्त पाय मोडला होता. पण गाडीवाला थांबला नाही, आणि मास्तर रात्रभर थंडीत पडून राहिले नि गोठून गेले. त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर लोकांना एकच गाडी दिसली होती, हाउगेनांची पिकअप. सिग्नेचा एकवीस वर्षांचा भाऊ आयनर हॉकीची मॅच बघून एकटाच परतत होता. पोलिसांना काही सिद्ध करता आलं नाही, पण गावाने निकाल देऊन टाकला. मार्चमध्ये आयनर दूर उत्तरेला फ्लिन फ्लॉन गावच्या खाणीत निघून गेला तो आजतागायत परतला नाही. आईने घरात त्याचं नाव काढू दिलं नाही.

आता आई शहाऐंशीची, वृद्धाश्रमात. शेत विकलं होतं आणि शनिवारी अवजारांचा लिलाव होता. सोमवारी आयनरच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टर फारशी आशा दाखवत नव्हते. लिलावाचं कळवायला सिग्नेने फोन केला, तेव्हा वर्षातून चार वाक्यं बोलणारा तो माणूस एकदम म्हणाला होता, पडवीतली शेवरलेट विकू नका, कुणाला उघडूही देऊ नका.

"त्याने मारलं असेल तर तसं सांगा, मी ऐकेन," सिग्ने म्हणाली. "नसेल मारलं, तर सोमवारच्या आधी आईने त्याच्याशी बोलावं. मला दुसरं काही नको."

ती गेल्यावर लायलने निकाल दिला की भावानेच केलं, यात शोधायचं काय. नेटीने बियांची टरफलं थुंकली आणि त्याला हत्यारं गाडीत टाकायला सांगितलं.

*

गुरुवारी दुपारी शेतावर असा वारा होता की लायलची टोपी दोनदा कुंपणापार गेली. धान्याच्या कोठाराला लागून पत्र्याची पडवी होती, तिच्यात अठ्ठावन सालची शेवरलेट चारही टायरांतली हवा जाऊन उभी होती. उजवा दिवा फुटलेला. पडवीच्या तोंडाशी शेजारचा गुनार ट्वाइट, ऐंशीचा म्हातारा, खिशात हात घालून हजर होता. गाडी लिलावात त्याला घ्यायची होती.

गुनारला बोलतं करावं लागलं नाही. सिग्नेचे वडील चौसष्टच्या सप्टेंबरात गेले. ऑक्टोबरात तिची आई आल्मा म्हणाली की ही गाडी डोळ्यांसमोर नको, तेव्हा त्यानेच ती पडवीत आणून लावली.

"ट्रॅक्टरने ओढत?" नेटीने विचारलं.

"ओढत कशाला? चालवत आणली. मोटर सुरळीत चालायची."

"म्हणजे किल्ली तुमच्याकडे होती."

गुनार हसला. "कुठल्या शहरातून आलात बाई? या गाडीचं सुरू करायचं फिरतं बटण दोन ठिकाणी बंद होतं. 'ऑफ'वर ठेवलं की किल्ली लागतच नाही, कुणीही हाताने फिरवावं नि निघावं. 'लॉक'वर न्यायचं किंवा तिथून काढायचं असेल तरच किल्ली लागते. इथे सगळे 'ऑफ'वरच ठेवायचे. हाउगेनची किल्ली त्याच्या घड्याळाच्या साखळीला असायची. बटणात घातलेली मी कधी पाहिली नाही."

फुटलेल्या दिव्याबद्दल तो म्हणाला, एखाद्या वासराने फोडला असेल. मास्तरांबद्दल विचारल्यावर मात्र त्याचा चेहरा आवळला. मास्तर गावची शाळा बंद करायला निघाले होते, आणि शेवटचं वर्षभर आपण त्यांच्याशी बोलत नव्हतो, हे त्याने लपवलं नाही. लायलने लगेच आपला निकाल फिरवला. गाडी लावणारा हा, मास्तरांवर राग याचा, आता ती घ्यायची घाईही यालाच. अजून काय पाहिजे?

दोन्ही दारांना कुलूप होतं. लायल चिडला. "शेतावर गाडीला कुलूप कोण लावतं?"

"पुन्हा म्हण," नेटी म्हणाली.

"शेतावर गाडीला कुलूप कोण लावतं म्हटलं."

"काही नाही. चालू दे तुझं."

त्याने तारेला फास केला, काचेच्या कडेच्या रबरातून आत सरकवला आणि वीस मिनिटं शिव्या देत बसला. शेवटी दाराच्या कुलपाची आतली खुंटी फासात अडकून वर आली. आत उंदरांचा वास कोंडला होता. नेटीने नाकाला रुमाल लावून डोकं आत घातलं. बटणाचा काटा 'लॉक'वर होता.

लायलने बॉनेट उघडलं. रेडिएटरसमोर जाळीला टेकवून एक पुठ्ठा उभा होता. स्वतःच्या गाडीतला तो दरवर्षी एप्रिलमध्ये काढतो तसाच त्याने तो सवयीने काढला नि मागे फेकला. वाऱ्याने पुठ्ठा उचलला. तशी अठ्ठावन वर्षांची नेटी बॉयचुक दोन्ही हात पसरून त्याच्यामागे पळत सुटली आणि तारांच्या कुंपणापाशी तिने तो पायाखाली दाबला. लायलला हसू आवरेना. पुठ्ठ्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता. उरलेल्यावर छापलं होतं: सुके आलुबुखार, बिया काढलेले, तीस पौंड.

"तीस पौंड," नेटी म्हणाली. "इतकं कोण खातं रे?"

"पोट साफ होत नसेल तो," लायल म्हणाला. तिने पुठ्ठा घडी करून कोटात घातला.

मोटर जाम झाली असणार याची लायलला खात्री होती. त्याने स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात पातळ तेल सोडलं, चहा होईपर्यंत मुरू दिलं आणि पुढच्या बोल्टला लांब पाना लावून जोर केला. दुसऱ्याच हिसक्याला मोटर फिरली. त्याला इतका आनंद झाला की आपण कशासाठी आलोय हेच तो विसरला.

*

आल्माबाईंच्या खोलीत शुक्रवारी दुपारी भेट झाली. बाई लहानखुरी, पाठीचा कणा अजून ताठ. सिग्ने कौतुकाने सांगत होती की आईने बावीस वर्षं गावच्या दवाखान्यात स्वयंपाक केला, बोलावलं की सुट्टीच्या दिवशीही जायची. आल्माबाईंनी हात उडवून तो विषय झटकला.

गाडी? तिची मोटर त्या ऑक्टोबरातच जाम झाली होती, त्या म्हणाल्या. गुनारने ट्रॅक्टरने ओढत नेली. पोलिसांनाही तेव्हा तेच सांगितलं, आणि पडवीसमोर छातीइतका बर्फ बघून ते आत गेलेच नाहीत. किल्ली? आयनर घेऊन गेला. एवढ्यासाठी मात्र त्यांनी त्याचं नाव घेतलं.

भिंतीवर नवऱ्याचं खिशातलं घड्याळ टांगलं होतं. साखळीला एक छोटी, गोल डोक्याची किल्ली होती. लायलला ती जुन्या पेटीची वाटली. नेटीने घड्याळाचं कौतुक केलं. तेवढ्या वेळात आल्माबाईंनी तीनदा विचारलं की गाडी भंगारातच जाणार ना.

बाहेर व्हरांड्यातून नेटीने फ्लिन फ्लॉनला फोन लावला. आयनरला तिने एवढंच विचारलं, शेवरलेटची किल्ली तुमच्याकडे आहे का? तो गोंधळला. किल्ली त्याने आयुष्यात हातात धरली नव्हती, तो पिकअप चालवायचा. मग गाडी उघडलीय हे त्याच्या लक्षात आलं.

"मी केलं असं लिहा," तो म्हणाला, "आणि विषय संपवा." फोन बंद झाला.

"झालं की," लायल म्हणाला. "कबूल केलं."

नेटी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिली. मग ती थांबली आणि म्हणाली, ती गाडी उद्या सकाळी या खिडकीखाली चालत आली पाहिजे.

*

लायलने शनिवारी पहाटेपासून काम केलं. दुसरे टायर, नवी बॅटरी, घासून साफ केलेलं कार्ब्युरेटर, डब्यातून ताजं पेट्रोल. बटण तर 'लॉक'वर अडकलेलं. त्याने बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक वायर टाकून बटणाला वळसा दिला आणि स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. ठिणगी उडाली. मोटर खोकली, गप्प झाली, पुन्हा खोकली, आणि निळ्या धुराचा लोट सोडून चालू झाली. लायलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरामुळे, असं त्याने नेटीला सांगितलं.

बारा किलोमीटर त्याने ती माणसाच्या चालीने आणली. ब्रेक नावापुरतेच होते. वृद्धाश्रमाच्या खिडकीखाली ती चालूच ठेवून तो वर गेला आणि खिडकीपाशी कान बाहेर लावून उभा राहिला. खोलीत आल्माबाई, सिग्ने आणि दाराशी गुनार होता. आल्माबाईंनी आवाज ओळखला होता. त्यांची बोटं मांडीवरच्या शालीत गुंतली होती.

"मी थोडक्यात सांगते," नेटी म्हणाली. "लायलला मोटरची काळजी आहे."

तिने पुठ्ठा पलंगावर ठेवला.

"रेडिएटरसमोर पुठ्ठा आपण कधी लावतो? कडाक्याच्या थंडीत, गार वाऱ्याने मोटर थंड पडू नये म्हणून, आणि गाडी चालवायची असेल तरच. ऑक्टोबरात पडवीत ठेवून दिलेल्या गाडीला तो कुणी लावणार नाही. आधीच्या हिवाळ्यातला असता तर उन्हाळ्याआधीच काढला असता, नाहीतर मोटर तापते. म्हणजे त्या हिवाळ्यात गाडी बाहेर पडली होती. मोटर जाम होती म्हणावं, तर गुनार सांगतात त्यांनी ती चालवत आणली, आणि लायलने दुसऱ्या हिसक्याला फिरवली. जाम झाली होती असं सांगणारं एकच माणूस आहे."

सिग्नेने आईकडे पाहिलं.

"गुनारनी बटण 'ऑफ'वर ठेवलं. मला सापडलं 'लॉक'वर, दारांना कुलूप. इथे कुणी गाडीला कुलूप लावत नाही. ही गाडी पुन्हा कुणी चालवू नये असं ज्याला वाटलं, त्यानेच लावलं, आणि 'लॉक'ला किल्ली लागते. गुनारकडे ती नव्हती. आयनरकडे नव्हती. ती हाउगेनांच्या घड्याळाच्या साखळीला होती, आणि ते घड्याळ इथे आहे. लायल, या गाडीला किल्ल्या किती?"

"दोन," लायल म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याने कपाळावर हात मारला. "आठकोनी डोक्याची दारांना नि बटणाला. गोल डोक्याची डिकीला."

"गोल राहिलीय. आठकोनी नाहीये." नेटीचा आवाज खाली आला. "आणि तीस पौंड आलुबुखार घरात कुणी आणत नाही. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आणतात. रिकामे खोके स्वयंपाकीण घरी नेते. आयनर त्या संध्याकाळी पिकअप घेऊन गेला होता, आल्माबाई. तुम्हाला दवाखान्यातून बोलावणं आलं असेल."

खालची मोटर अडखळली, लायलचा जीव खालीवर झाला, मग ती पुन्हा नीट चालू लागली.

"रात्रीची स्वयंपाकीण वादळात अडकली होती," आल्माबाई म्हणाल्या. "एकोणीस पेशंट होते. मी निघाले. पुढचं काही दिसत नव्हतं. काहीतरी लागलं. वाटलं, हरीण असेल. नाही, खोटं कशाला बोलू, मला कोट दिसला होता. थांबले असते तर गाडी बंद पडली असती आणि पुन्हा सुरू झाली नसती. एवढंच डोक्यात होतं, की बंद पडू देऊ नको. पुढे वळायला जागा मिळाली तिथून घरी आले. त्याच्याच शेजारून."

"आणि आयनर?" सिग्नेने विचारलं.

"तो माझ्या मागोमाग आला. फुटलेला दिवा बघितला. एक शब्द बोलला नाही. फावडं घेतलं आणि पडवीसमोर छातीइतका बर्फ रचत बसला. सकाळी मास्तरांचं कळलं. किल्ली मी विहिरीत टाकली. मग गाव त्याच्या नावाने बोलायला लागलं, आणि मी बोलू दिलं."

"अडतीस वर्षं, आई," सिग्ने म्हणाली. "मी त्याला खुनी समजत होते. दर नाताळला फोन करायचे आणि मनात खुनी म्हणायचे. तू त्याचं नाव घेऊ देत नव्हतीस."

"नाव आलं की मला ते फावडं दिसायचं."

सिग्ने भिंतीकडे वळली. गुनार टोपी हातात धरून उभा होता. त्याने त्याच आयनरला नमस्कार करायचा बंद केला होता. मास्तरांची बहीण गावात अजून होती, हे नेटीने सांगितलं. ते टाळता येणार नव्हतं.

"तिला मी सांगेन. पोलिसांनाही," आल्माबाई म्हणाल्या. "आधी तो फोन दे."

सिग्ने मग हळूच वळली, नंबर लावला आणि फोन आईच्या हातात दिला. पलीकडे वाजत होता. आल्माबाईंनी खिडकीकडे मान वळवली.

"तुम्ही," त्या लायलला म्हणाल्या, "बंद करा ती गाडी. आता थांबली तरी चालेल."

लायल खाली गेला आणि त्याने कॉइलवरची वायर काढली. मोटर दोन गचके देऊन थांबली. वरच्या उघड्या खिडकीतून म्हातारीचा आवाज आला.

"आयनर? आई बोलतेय."