एकशे अठरा, निरंक

माझं काम मतं वाचण्याचं होतं. शहराच्या जुन्या भागातल्या दोनशे बारा इमारती पाडून त्या जागी बत्तीस मनोरे उभारायचे, असा आराखडा नगररचना कार्यालयाने जाहीर केला होता आणि त्यावर रहिवाशांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. त्या वाचायच्या, त्यांचे प्रकार लावायचे आणि तक्ता करायचा. भौतिकशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलीला हे काम कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा हेडक्लार्क म्हणाल्या, "आकड्यांची भीती वाटत नाही ना? मग झालं."

त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या दोन वर्षांनी निवृत्त होणार होत्या आणि आजच निवृत्त झाल्यासारख्या बसत.

पहिले काही आठवडे मजा आली. लोक मनापासून लिहीत. "खाली सहा मजले गाड्या आणि वर माणसं. म्हणजे गाड्या जमिनीला आमच्यापेक्षा जवळच्या झाल्या." "नव्या नकाशात आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्यांच्या न्हाणीघरासमोर येते. आमचं आधीच बोलणं बंद आहे." एकाने लिहिलं होतं, "पाडा एकदाचं, जिने चढून गुडघे गेले." आणि एका कागदावर फक्त तीन शब्द होते, "बघा काय ते."

"हे कशात टाकू, हरकत की सूचना?" मी विचारलं.

"धमकी," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण तसा रकाना नाही. सूचनेत टाक."

दोन महिन्यांनी मजा संपली. दुपारी तीननंतर अक्षरं नुसती रेघा दिसायची. प्रत्येक माणूस आपलं मत जगात पहिल्यांदाच मांडतोय अशा थाटात लिहितो आणि मला ते चारशेव्यांदा वाचावं लागतं, याचा शीण वेगळाच असतो.

भिंतीलगत एक लाकडी मांडणी होती. तिला दोनशे बारा खण. आराखड्यात इमारतींना नवे क्रमांक दिले होते आणि ज्या क्रमांकाची पाकिटं येत ती त्या खणात पडत. मुदत संपायला पंधरा दिवस राहिले तेव्हा तेवीस खण रिकामे होते. मोठ्या बाईंनी सांगितलं, "त्यांच्यापुढे निरंक लिही. पेन्सिलीने. शेवटच्या दिवसापर्यंत पेन्सिलच ठेवायची."

"बाई, तक्ता कॉम्प्युटरवर आहे. पेन्सिल कुठून आणू?"

"मग कोरं ठेव."

कोरं ठेवलं की खालची बेरीज चुकते. मी तेवीस रकान्यांत एका झटक्यात 'निरंक' भरलं आणि घरी गेले.

खरं तर पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवली होती. शून्य म्हणजे मोजलं आणि काही आढळलं नाही. कोरं म्हणजे मोजलंच नाही. दोन्हींची गल्लत करणाऱ्याची वही सर परत फेकायचे. मी खण लांबूनच बघितले होते, मोजलं काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मला आवाज मोजायला पाठवलं. अहवालाच्या शेवटी 'सद्यस्थिती' म्हणून प्रत्येक इमारतीसमोरची आवाजाची पातळी द्यायची होती. हातात मावेल असं यंत्र, त्याच्या टोकाला माइक. दाराशी उभं राहायचं, एक मिनिट मोजायचं, आकडा लिहायचा. कुठे अठ्ठावन्न डेसिबल, कुठे बासष्ट, शाळेजवळ एकाहत्तर.

एक्केचाळीस क्रमांकाच्या इमारतीत तळमजल्यावर पत्रे ठोकणाऱ्याचं दुकान होतं. तो माझ्यापासून सहा फुटांवर हातोडा मारत होता. माझे कान दुखत होते. यंत्रावर सत्तावीस आलं.

सत्तावीस म्हणजे बंद खोलीतला आवाज, तोही खोलीत कोणी नसताना. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी ते तपासलं. त्यासाठी एक छोटी डबी मिळते, ती माइकवर बसवली की बरोबर चौऱ्याण्णव डेसिबलचा सूर काढते. यंत्राने चौऱ्याण्णव दाखवलं. डबी काढली. हातोडा चालूच होता. सत्तावीस.

"काय मोजताय?" त्याने विचारलं.

"आवाज."

"मग कान झाका, नाहीतर बहिरं व्हाल," तो हसत म्हणाला.

शेजारची इमारत, त्रेसष्ट. पुढे पंचावन्न. मग परत एका ठिकाणी सत्तावीस. तिथे चार बायका जिन्यात उभ्या राहून नव्या मनोऱ्यांच्या लिफ्टवरून वाद घालत होत्या. लिफ्ट बंद पडली की एकवीस मजले कोण चढणार, असा प्रश्न होता. आवाज चौघींचा एकाच वेळी. यंत्राचा आकडा हललासुद्धा नाही.

संध्याकाळी मी सगळे सत्तावीस वेगळे काढले. अठरा होते. अठराही इमारतींपुढे माझ्या तक्त्यात निरंक होतं. राहिलेल्या पाच निरंक इमारतींपर्यंत मी अजून पोचले नव्हते.

मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला नाही, टेबलावरच वाचला.

"तिथे जायला कोणी सांगितलं होतं? निरंकला मोजणी लागत नाही."

"पण बाई, तिथे लोक आहेत. बोलताहेत."

"मी कुठे नाही म्हणते?" त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. "म्हणून पेन्सिल म्हणाले होते गं."

"म्हणजे काय?" मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्या उठून हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी निरंकमधली एकोणिसावी इमारत. मी आराखड्यातला क्रमांक बघत चालले होते, भिंतींवर लाल रंगात तेच क्रमांक काढलेले होते. वळण ओळखीचं होतं, पण यंत्रावर नजर ठेवून चाललेल्या माणसाला वळण दिसत नाही. यंत्राचा आकडा चौसष्टवरून एकदम खाली आला म्हणून मी थांबले आणि वर बघितलं. एकशे अठरा. खाली घड्याळवाल्याचं दुकान, वर तीन मजले, दुसऱ्या मजल्यावर हिरवी गॅलरी. मी चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून नोकरी लागेपर्यंत मी या घरात वाढले होते.

"काय शास्त्रज्ञ!" मावशी गॅलरीतून ओरडली. "उन्हात काय करतेयस? ये वर!"

सत्तावीस.

मावशीने तीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे शाईने गिरवले होते. साहेब पेन्सिलीने काढत, ही शाईने. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती काढल्या," ती म्हणायची, "कोणी एकदाही विचारलं नाही, बाई, ही भिंत इथे हवी का." आराखडा जाहीर झाला आणि मत मागवणारं पत्र आलं, त्या दिवशी तिने मला फोन केला होता. "अगं, मला विचारलंय!" इतकी आनंदलेली ती माझ्या पदवीच्या दिवशीही नव्हती.

आता तिने दार उघडताच विचारलं, "माझं पाकीट वाचलंस का? पहिल्याच आठवड्यात स्वतः नेऊन दिलं. अकरा पानं आहेत. तुझ्या साहेबांना म्हणावं, सावकाश वाचा."

"कसलं पाकीट होतं?"

"नकाशाचं. घडी घालून कागद मोडतो, म्हणून मोठं घेतलं."

मांडणीच्या खणात नकाशाचं पाकीट मावत नाही. मी कार्यालयात परतले, स्टूल घेतलं आणि मांडणीच्या वर हात फिरवला. पाकीट तिथेच होतं, धुळीत. वर मावशीच्या सरळ अक्षरात पत्ता.

आत अकरा कागद होते. अकराही कोरे.

मी खिडकीशी जाऊन कागद तिरपा धरला. निबेच्या खुणा उमटल्या होत्या. ओळीन् ओळ कागदात रुतलेली, फक्त शाई नव्हती. उजेड बाजूने घेत मी वाचत गेले. "जिन्याच्या वळणावर चार फूट मोकळी जागा हवी. दोन माणसांना पिशव्या खाली ठेवून बोलता येईल एवढी. माणसं घरात राहतात, पण शेजारी जिन्यात होतात. नव्या नकाशात जिना फक्त आग लागली तर वापरायचा आहे."

अकरा पानं वाचायला दोन तास लागले. मी ती सगळी तक्त्यात उतरवली, 'निरंक' खोडून. जतन केलं. बंद करून उघडून बघितलं, होतं.

सकाळी एकशे अठरापुढे निरंक होतं.

चार दिवस हेच चाललं. मी रोज उतरवायचे, रोज सकाळी ते गेलेलं असायचं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. कागदावर छापून पाहिलं. छापलेला कागद सकाळी कोरा असायचा आणि त्यावर खुणाही नसायच्या. मुदत शुक्रवारी संपत होती. ज्या इमारतींकडून निदान एक हरकत येईल त्यांची सुनावणी. बाकीच्या थेट पाडण्याच्या यादीत.

बुधवारी दुपारी मी मावशीकडे गेले. ती भाजी निवडत होती आणि बोलत होती. फोनवर हल्ली लोक नुसते हॅलो हॅलो करून ठेवून देतात. खालच्या घड्याळवाल्याचं गिऱ्हाईक दुकानापर्यंत येतं आणि हाक न ऐकता पुढे जातं. "बिचारा घसा फोडून बोलावतो. लोकांना शिष्टपणा आलाय, दुसरं काय." मी हं हं करत होते. मग तिने मान खाली घातली, आणि मला पुढचं वाक्य कळलं नाही.

तिने मान वर केली. परत कळायला लागलं.

मी तिच्या ओठांकडे बघत होते. किती वेळ, कोण जाणे. ती काय बोलते हे मला वीस वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं, आणि कान त्यात नव्हतेच.

"मावशी," मी म्हटलं, "परत म्हण."

तिचे ओठ हलले. गॅलरीबाहेर एक गाडी गेली, तिचा आवाज स्पष्ट आला.

शुक्रवारी सकाळी मी हरकतीचा कोरा अर्ज घेतला. माझं नाव लिहिलं. पत्त्याच्या जागी एकशे अठरा लिहिलं. शाईने.

मोठ्या बाई समोर उभ्या होत्या. "तू तिथे राहतेस?"

"वाढले आहे तिथे."

"राहतेस का, ते विचारलं मी."

"आता राहते."

"अगं, वेड्यासारखं करू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "तिथे कशाला जातेस?" त्यांनी अर्जावर हात ठेवला होता. मी तो ओढून घेतला, शिक्का मारला आणि खणात टाकला. तक्त्यात निरंक खोडून 'एक' लिहिलं.

सोमवारी ते तसंच होतं. मंगळवारीही. सुनावणीच्या यादीत एकशे अठरा छापून आलं. मी मावशीला कळवलं, तर तिने इस्त्रीची साडी काढली आणि अकरा पानं पुन्हा लिहून काढली.

सुनावणी सभागृहात होती, सकाळी अकराला. पंख्यांचा आवाज, खुर्च्यांचा आवाज. वर साहेब, त्यांच्या शेजारी टंकलेखक. एकशे सोळाचे लोक पार्किंगवरून भांडले, एकशे सतराच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खिडक्यांबद्दल सांगितलं. टंकलेखकाची बोटं पळत होती.

"एकशे अठरा."

मावशी उठली. चष्मा लावला, पानं सरळ केली आणि बोलायला लागली.

मला काही ऐकू येत नव्हतं. ती पानाच्या कोणत्या ओळीवर आहे ते मी ओठांवरून ओळखत होते. जिना. वळण. चार फूट.

साहेबांनी सभागृहभर नजर फिरवली. घड्याळ बघितलं. "एकशे अठराकडून कोणी आहे का?"

मी उठले. "साहेब, त्या बोलताहेत."

साहेबांनी मान वळवली नाही. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस जांभई देऊन मागे रेलला.

"साहेब, मी आहे. अर्ज माझा आहे."

मोठ्या बाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग मांडीवरच्या पर्सकडे.

"कोणी नाही," साहेब म्हणाले. "लिहा."

कळ दाबल्याचा आवाज पाच वेळा आला. न. वेलांटी. र. अनुस्वार. क.

मावशी तिसऱ्या पानावर होती. पुढच्या इमारतीचे लोक उठून बोलू लागले, त्यांचा आवाज मोठा होता, आणि त्या आवाजातून ती सावकाश, एक शब्द न गाळता अकराव्या पानापर्यंत गेली. मग तिने पानं जुळवली, सभागृहाला नमस्कार केला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. चेहरा लाल झाला होता. इतक्या जवळून मला तिचं बोलणं सहज वाचता आलं.

"बघितलंस? मध्ये कोणी एका शब्दाने अडवलं नाही. किती शांतपणे ऐकलं गं सगळ्यांनी."

"छान बोललीस, मावशी," मी म्हटलं.

तिने चष्मा काढला, कानामागे हात धरला आणि माझ्याकडे वाकली.

"मोठ्याने बोल ना, बाळा."